सवतीचा टाक

मुक्ताबाई दमली होती. कामानं कोण दमतंय? इंग्रज सरकारच्या पाटाचं पाणी काटेवाडीत आलं तेव्हापासून मेथी खुडून तिची बोटं हिरवी ती हिरवीच. ती दमली होती लेकीपायी.

सारजाला निरवांगीला बिजवराला दिलेली. त्याची पहिली बायको, रंगूबाई, विहिरीत गेली होती. म्हणून रीतीप्रमाणं सारजाच्या गळ्यात मेलेल्या सवतीच्या नावाचा चांदीचा टाक घातला. दिवाळीला पोर माहेरी आली ती मुकी होऊनच. धड जेवण नाही, झोप नाही, नुसती भिंतीकडं बघत बसायची.

मग देवऋषी आला. त्यानं मिरच्यांची धुरी दिली, केस ओढले. "कोण हाईस तू? नाव सांग!"

"रंगू," सारजा म्हणाली.

झालं! घरादाराला हायसं वाटलं. सवतच लागलीय म्हणायची! रंगूनं लुगडं मागितलं, दिलं. बांगड्या मागितल्या, भरल्या. मेलेलीचे काय ते लाड! जितीला मात्र एकानंही विचारलं नाही, तुला काय होतंय बाई.

उद्या अमावास्या. देवऋषी रंगूला काढणार, आणि लगेच मुक्ताबाईचे मालक सर्जेराव लेकीला सासरी पोचवणार. "नांदायला लागली की आपसूक सुधरंल," असं त्यांचं म्हणणं. वाद घालायचं त्राण मुक्ताबाईत उरलं नव्हतं.

दुपारी सर्जेराव अंगणात गाडीच्या चाकाला वंगण घालत होते. मुक्ताबाई बाजाराच्या जुड्या बांधत सारजापाशी बसली. लेकीच्या गळ्यातल्या टाकाकडं बघत थकल्या आवाजात म्हणाली, "रंगू, उद्या तू जाशील. जायच्या आदी एवढं सांग. माझी पोर काय बोलत न्हाय. तिला काय होतंय गं?"

सारजाचे ओठ हलले.

"तिला रातंदिस विहीर दिसती. मला दिसायची तशीच."

मुक्ताबाई आणखी जवळ सरकली. "मग तू कुणाला सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं की. आईला. आई म्हणाली, बाईच्या जातीनं नांदायचं असतं."

हातातली जुडी सुटून मेथी पसरली. मुक्ताबाईनं लेकीला कवेत घेतलं आणि ती हमसून हमसून रडली. मग तिथूनच ओरडली, "अवं, गाडी ऱ्हाऊ द्या! देवऋषीलाबी सांगा, येऊ नगंस म्हणावं."

"आन् रंगू?" सर्जेराव दारात आले.

"रंगू ऱ्हाईल. सारजाबी ऱ्हाईल. दोघी हितंच ऱ्हातील."