एकाच बाईचा घोडा

मी एक घोडा आहे. घोडा बोलतो म्हणून दचकू नका. माणसं दिवसभर बोलतात आणि त्यातलं कामाचं किती असतं, हे मी जन्मापासून कान ताठ करून ऐकत आलो आहे. माझं नाव डीकन. डीकन म्हणजे चर्चमधला धाकटा पाद्री. जन्मलो तेव्हाच माझा चेहरा प्रवचनाला निघाल्यासारखा होता, म्हणून माझ्या मालकानं, मॅटी हेहरनं, हे नाव ठेवलं. स्वभावानं मी पाद्री नाही, पण नाव पडलं की चेहरा सांभाळावा लागतो.

आमचं गाव आयर्लंडच्या क्लेअर परगण्यात. तिथं शेतापेक्षा दगडी बांध जास्त आणि बांधापेक्षा मतं जास्त. मॅटीनं आयुष्यभर घोडे वाढवले आणि विकले. त्याची मुलगी ओर्ला शाळेची बस चालवायची. ट्रॅक्टरवरून पडून तिचा डावा पाय अधू झाला होता. बसच्या पायऱ्या ती कशीबशी चढायची, पण घोड्यावर बसायचं सोडायला तयार नव्हती.

"अगं, अधू पायानं घोडा कसा हाकणार?" मॅटी म्हणायचा.

"तोंडानं हाकीन, बाबा. ते तर धड आहे ना?"

"ते एकच जरा जास्त धड आहे," मॅटीची थोरली बहीण पेग म्हणायची.

आणि ओर्लानं मला खरोखरच तोंडानं शिकवलं. इतर घोडे टाचेच्या इशाऱ्यावर चालतात. मी तिच्या शब्दावर चालायचो. "चल, राजा" म्हटलं की दुडकी. "पळ, राजा" म्हटलं की दौड. "अंहं" म्हटलं की सावकाश. "आता!" म्हटलं की उडी. उजवी टाच लागली तर डावीकडे सरकायचं, एवढी एकच टाच मला ठाऊक होती. डावी कधी लागलीच नाही. त्या पायात तेवढी ताकदच नव्हती.

मी सहा वर्षांचा झालो तेव्हा मॅटीनं मला विकायचं ठरवलं. वसंतातल्या घोडेबाजारात टिमी लोहन नावाच्या दलालानं मला पसंत केलं. ओर्ला मध्ये पडली. गावच्या प्रदर्शनात 'वर्किंग हंटर'ची स्पर्धा असते. शिकारीला न्यायच्या लायकीचा घोडा कोणता, ते त्यात बघतात. ओंडके, झुडपं, फाटक, दगडी भिंत असल्या अडथळ्यांवरून उड्या मारायच्या आणि मग पंचांपुढे शहाण्यासारखं वागून दाखवायचं. "मी त्याला त्यात उतरवते," ओर्ला म्हणाली. "पहिल्या तिनांत आला तर तो माझा."

"आणि नाही आला तर?" टिमीनं विचारलं.

"तर त्याच संध्याकाळी तुझा," मॅटी म्हणाला.

दोघांनी तळहातावर थुंकून सगळ्या बाजारादेखत हात मारला. आमच्याकडे कागद फाटतो, वकील फिरतो, बायको माहेरी जाते. पण मारलेला हात मागे येत नाही.

त्या दिवसापासून माझी शाळा सुरू झाली. ओर्लानं शेतात ओंडके मांडले. बांधावर जुनी सायकल टेकवली, दोरीवर चादरी फडफडत ठेवल्या, फाटकाला रिकामी पोती बांधली, म्हणजे मैदानात मी कशाला बुजू नये. मी बुजलोही नाही. चादरीशी माझं वैर नव्हतं, आणि सायकल माझ्यापेक्षा जास्त घाबरलेली दिसत होती.

"सगळं झालं, पण पंच याच्यावर बसून बघतील ना?" पेगनं एकदा चहा पिता पिता विचारलं. "दुसऱ्या कुणाला बसवलंयस का याच्यावर?"

"पंच घोड्यावर बसतात ते डब्लिनच्या मोठ्या प्रदर्शनात," मॅटी ठासून म्हणाला. "गावच्या प्रदर्शनात कुणी बसत नाही. उगाच घोड्याची सवय बिघडवू नका."

"तू शेवटचा कधी गेला होतास रे प्रदर्शनाला?"

"पेग, घोड्यांतलं तू मला शिकवू नकोस."

ओर्लानं बापाचं ऐकलं. तसं ते तिच्या सोयीचंच होतं, कारण माझ्यावर दुसरं कुणी बसलेलं तिला बघवायचं नाही. मी तिथंच उभा होतो. पेगचं म्हणणं मला पटलं होतं. पण घोड्यानं मान हलवली की माणसांना वाटतं माशी बसली. मॅटीनं माशी हाकलली.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी पेगनं माझ्या आयाळीच्या वेण्या घातल्या आणि सुईदोऱ्यानं टाचल्या. खुरांना तेल लागलं. अंगाला इतका खरारा झाला की मलाच मी ओळखू येईना. ओर्लानं पेगचा जुना लोकरी कोट चढवला. त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता.

"आत्या, मला मळमळतंय."

"कोटावर नको गं बाई. माझ्या लग्नात घेतलेला आहे."

मैदानात आमची पाळी आली. ओर्लाचा आवाज नेहमीसारखाच होता. "पळ, राजा," ती म्हणाली, आणि मी निघालो. ओंडका. झुडूप. "अंहं, अंहं... आता!" फाटक. दगडी भिंतीपुढे तिचा शब्द अडकला. मी क्षणभर वाट पाहिली, तेवढ्यात "आता!" आलं. भिंत माझ्या पोटाखालून मागे गेली. एकही काठी पडली नाही. मैदानाबाहेर पेग छातीवर क्रूसाची खूण करत होती, आणि मॅटी तोंड फिरवून नाक शिंकरत होता.

पंचांनी आम्हाला रांगेत दुसऱ्या जागेवर उभं केलं. दुसऱ्या! ओर्लानं माझ्या मानेवर हात ठेवला. तिथंच सगळं थांबलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

पंच उंचापुरा माणूस होता, डोक्यावर काळी टणक टोपी. तो पहिल्या घोड्यापाशी गेला, रिकिबी लांब केल्या आणि चक्क वर बसला. मैदानात एक फेरी मारून उतरला आणि आमच्याकडे वळला. मी मॅटीकडे पाहिलं. मॅटीचं तोंड उघडं होतं.

"साहेब," ओर्ला म्हणाली, "याला बोलावं लागतं."

"शिकारीचा घोडा आहे ना? मग पायानं चालेल," पंच हसून म्हणाला. "घोड्याशी गप्पा मारायचं माझं वय गेलं, बाई."

तो बसला. माणूस वाईट नव्हता, बैठक पक्की होती, हातही हलका होता. पण तो गप्प होता. त्यानं दोन्ही टाचा लावल्या. उजवी म्हणाली डावीकडे सरक. डावी काय म्हणाली, ते मला कधी कुणी शिकवलंच नव्हतं. दोन साहेबांनी एकाच वेळी हुकूम दिला की जे होतं तेच झालं. मी खेकड्यासारखा तिरका चालत शेजारच्या घोडीवर जाऊन आदळलो. घोडीनं लाथ झाडली. पंचानं टाच आणखी दाबली. मी आणखी तिरका झालो.

ओर्ला चार पावलांवर उभी होती. पंच वर बसलेला असताना मालकाला घोड्याला आवाज द्यायची मनाई असते. तिनं ओठ दातांखाली धरले होते. एक शब्द हवा होता, आणि तो तिच्या तोंडात होता. शेवटी मला जे एकच समजत होतं ते मी केलं. पंचाला पाठीवर घेऊन तिच्यापाशी गेलो आणि तिच्या कोटात नाक खुपसलं. सगळं मैदान हसलं.

पंच उतरला. "उडी उत्तम मारतो, बाई," तो हळूच म्हणाला. "पण हा शिकारीचा घोडा नव्हे. हा तुमचा घोडा आहे." आणि त्यानं आम्हाला रांगेच्या शेवटी पाठवलं.

संध्याकाळी टिमी लोहन आपला ट्रेलर घेऊन आला. त्याचा चेहरा माझ्यापेक्षा लांब झाला होता. एकाच बाईला चालणारा घोडा घेऊन तो काय करणार होता? आणि मॅटीला मी आता विकायचा नव्हता. चूक त्याची होती, हे त्याला पुरतं कळलं होतं.

"उडी चांगली मारली," टिमी म्हणाला.

"मारली," मॅटी म्हणाला.

"पाय अधू असून पोरीनं बरा हाकला."

"हाकला खरा."

दोघं आभाळाकडे पाहत राहिले. टिमी वाट पाहत होता की मॅटी म्हणेल, राहू दे. मॅटी वाट पाहत होता की टिमी म्हणेल. पण हात सगळ्या बाजारानं पाहिला होता. आधी बोलेल तो शब्द फिरवणारा माणूस, आणि असल्या माणसाशी आमच्याकडे कोंबडीचाही सौदा कुणी करत नाही.

"तुमच्या दोघांच्या जिभा घोड्यानं खाल्ल्या का?" पेग कडाडली.

टिमीनं माझा दोर धरून मला ट्रेलरवर चढायच्या फळीकडे ओढलं. मी हललो नाही. त्यानं आणखी एका माणसाला बोलावलं. दोघांनी ढकललं, चुचकारलं, शिव्या दिल्या. मी चारी पाय रोवून उभा राहिलो. मला वाटलं, हे बरं जमतंय. टिमी बिचारा आशेनं मॅटीकडे बघत होता.

तेव्हा ओर्ला पुढे आली. तिचा चेहरा रडून सुजला होता. हेहरांचा शब्द आपल्या घोड्यामुळे मोडला, असं कुणी म्हणू नये, एवढंच बहुधा तिच्या मनात असावं. तिनं टिमीच्या हातातून दोर घेतला. "चल, राजा," ती म्हणाली.

मी चाललो. दुसरं काही मला येतच नव्हतं.

आता मी समुद्रकाठच्या एका पागेत असतो. टिमीनं मला तिथं टाकलं. सहलीला आलेली माणसं माझ्यावर बसतात. कुणी टाच मारतं, कुणी लगाम उपसतं, कुणी घाबरून माझी मान आवळतं. उजवी टाच, डावी टाच, दोन्ही टाचा, मला सगळं कळायला लागलं आहे. पागेची मालकीण नवख्यांना सांगते, "डीकनवर बसा. तो कुणालाही चालतो." हे शिकायला मला एक हिवाळा लागला. प्रदर्शन त्याच्या आधी होतं, एवढीच अडचण.

तुमच्या दारी घोडा असेल तर त्याला अधूनमधून परक्याच्या हाती देत जा. मन दुखेल, पण द्या. आणि कुठं दोन माणसं अशी आभाळाकडे पाहत गप्प उभी दिसली, तर त्यांतल्या एकाला कोपरानं ढोसा. त्या संध्याकाळी मीच ढोसलं असतं. पण माझा दोर ओर्लाच्या हातात होता, आणि ती लंगडत फळीवर चढू लागली होती.