सिनेमातलं लग्न

“ऑब्दुलियाबाई, तुमचं लग्न झालेलं आहे,” नवे फादर म्हणाले.

मी हसलेच. चाळिशी उलटल्यावर माझी सोयरीक जुळली, तिथे ही कसली थट्टा! शेजारी माझे होणारे नवरे, बेकरीवाले विधुर फेलिसियानो, ताठ बसले.

“नीट बघा हो. दुसरी कुणी असेल.”

फादरनी लग्नांची वही माझ्याकडे फिरवली. बारा वर्षांपूर्वीची तारीख, माझं नाव, आणि पुढे एपिफानियो, घोडे राखणारा.

“अहो, तो सिनेमा होता!”

राजधानीतून सिनेमावाले आले होते. जमीनदाराची मुलगी, घरचा घोडेवाला, दोघांचं चोरून लग्न. त्या दिवशी नटी तापाने फणफणली आणि नट पिऊन पडला. पाठमोरंच दिसायचं होतं, म्हणून मीच शिवलेल्या झग्यात मलाच कोंबलं आणि घोडे घेऊन आलेल्या एपिफानियोला नटाचा कोट चढवला. आमचे म्हातारे फादर हटून बसले, “माझ्या चर्चमध्ये खोटं चालायचं नाही. म्हणेन तर सगळं म्हणेन.” त्यांनी आमची खरी नावं घेतली. आवाज मागाहून भरणार होते, म्हणून कुणी अडवलं नाही. एपिफानियो माझ्या कानाशी म्हणाला, “मी खरंच हो म्हणू?”

“म्हण की! कोण अडवतंय तुला?” मला हसू आवरत नव्हतं.

“नाटकच ते,” फेलिसियानो म्हणाले. “खोडा ती ओळ. भट्टी पेटवून आलोय मी.”

“तशीही अडचण नाही,” फादर हळूच म्हणाले. “एपिफानियो मार्चमध्ये वारले. बाई विधवा आहेत.”

पलीकडच्या गावच्या फादरनी तसं कळवलं होतं. मरताना एपिफानियो त्यांना म्हणाला होता, माझी बायको शिवणकाम करते. तिला सांगू नका, तिला ते नाटक वाटतं.

देवा रे! बारा वर्षं तो महिन्या-दोन महिन्यांनी शर्ट घेऊन यायचा, बटणं मुळापासून उपटलेली. “घोडे बटणं खातात का रे तुझी?” मी म्हणायची. तो टोपी हातात धरून उभा असायचा आणि मी मेली मान वर करून बघायचेसुद्धा नाही. यंदा तो आलाच नाही, हेही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

फादरनी टाक पुढे केला. “नाटक होतं, अशी सही द्या. मग खोडतो.”

“दे सही, ऑब्दुलिया,” फेलिसियानो म्हणाले. “विधवा बायको करून आणली म्हटल्यावर लोक काय म्हणतील?”

“तुम्ही विधुर चालता, ते बरं!” मी म्हटलं. “खोडू नका, फादर. तो हो म्हणाला होता. मीही म्हणाले होते.”

फेलिसियानो उठून निघून गेले. मी त्यांना थांबवलं नाही.

“मार्चची कितवी तारीख?” मी विचारलं.

फादरनी सांगितली. मी बोटांवर महिने मोजले. नवऱ्यामागे वर्षभर काळं नेसायचं असतं. सात महिने मी रंगीत कपड्यांत हिंडत होते.