टाकीतला वारा

फिल्टरची टाकी भरलेली होती, यात शंकाच नव्हती. धोंडूबाईंनी ओट्याखाली हात घालून ती हलवून पाहिली, तर भाताच्या गोणीसारखी जड. आणि वरची तोटी सोडली की कसाबसा एक पेला भरायचा, मग दोऱ्याएवढी धार, मग टिपटिप.

"एवढं पानी आत बसून करतंय तरी काय?" त्यांनी टाकीलाच विचारलं.

सापगावातल्या त्यांच्या घरी हा फिल्टर मुलानं, अनिलनं, बसवून घेतला होता. पण पाण्याची भांडी राखावीत ती धोंडूबाईंनीच. दर शनिवारी हंडे-कळश्या चिंचेनं घासायच्या आणि बोटानं वाजवून भरलं-रितं ओळखायचं. मागच्या शनिवारी त्यांनी टाकीही वाजवली. वर भरीव, खाली पोकळ. बुडाशी निळं टोपण होतं. काढलं, तर आत सायकलच्या ट्यूबसारखी पिन. पाण्याच्या भांड्यात वारा कशाला कोंडलाय मेल्यांनी? त्यांनी खिळ्यानं पिन दाबून धरली, फुस्स संपेपर्यंत. पाण्याला तेवढीच जागा झाली. भांडं घासलं हे कुणी गावभर सांगत फिरतं का? त्यांनीही सांगितलं नाही.

सोमवारपासून पाणी पुरेना. शेजारची मंगळी रोज पिण्यापुरती एक कळशी न्यायची. धोंडूबाईंनी तिला दारातच गाठलं. "कळशी नेतेस का पिंप गो? माजी सून देते नि तू नेतेस, दोघींनाबी लाज नाय." मंगळी रिकाम्या कळशीनिशी परत गेली, ती पुन्हा आली नाही.

सून सारिकानं ते आतून ऐकलं होतं. आज तिनं कपड्यांची पिशवी भरली. "आई, फिल्टरचं मानूस बोलावलंय, ते येऊन गेलं का मी मुरबाडला माहेरी जाते. चोरटी म्हणून या घरात नाय राहायची."

धोंडूबाईंनी पिशवीकडे एकवार पाहिलं. पण बोलल्या एवढंच, "जा की. यष्टीला टाइम हाय."

शहापूरहून फिल्टरवाली आली. हेतल नाव, स्कूटीवर, पाठीला बॅग.

"मिस्त्री कुठाय?"

"मीच मिस्त्री, आजी."

हेतलनं टाकी उचलून पाहिली, टोपण काढलं, हवा मोजायचा काटा लावला. काटा हललाच नाही. "हवा कोणी काढली हिची?"

सारिका सासूकडे बघू लागली. धोंडूबाई भिंतीकडे.

"हवेचा नि पाण्याचा काय संबंध गो?" त्यांनी विचारलं.

"आत रबराची पिशवी आहे, आजी. पिशवीत पाणी, बाहेरून हवा. हवा पिशवी दाबते, तेव्हा पाणी तोटीला येतं. हवा नसेल तर टाकी भरते जास्त, पण देत काहीच नाही."

धोंडूबाईंना काही समजेना. जागा वाढली, पाणी वाढलं, तरी घर कोरडं? हेतलनं येणारं पाणी बंद केलं, तोटी सोडली आणि हातपंपानं हवा भरू लागली. तसं तोटीतून पाणी भडाभडा आलं. एक हंडा भरला. चार दिवस ते तिथंच होतं. टाकी रिती झाल्यावर तिनं काटा सात-आठावर आणला. "सहा महिन्यांनी असंच रिकामी करून तपासायचं. पण कोणी उघडली ते सांगा, परत होईल नाहीतर."

"मी काढली," धोंडूबाई करवादल्या. "माझ्या घरातली टाकी, मी नाय उघडायची तं कोन उघडणार?"

हेतल गेली. सारिकानं पिशवी सोडली नाही.

"मला बोललात, ते मी गिळीन. मंगळीकाकूंना दारात उभं करून बोललात. ते कोन फेडणार?"

धोंडूबाईंनी पदर खोचला, कळशी भरून काखेत घेतली आणि तशाच निघाल्या. मंगळी अंगणात नाचणी पाखडत होती. तिनं मान वर केली नाही.

"मंगळे, पानी घे."

"नको. पिंप नेईन मी."

"टाकीतला वारा गेलेला."

"कुठं गेला?"

"मीच काढला." कळशीनं काख अवघडली होती, पण खाली ठेवायचं त्यांना सुचेना. "तो पानी ढकलतो म्हणं. कसा ढकलतो, ते देवाला ठावं. तुजा दोष नव्हता. सारिकीचाबी नव्हता."

मंगळीनं सूप बाजूला ठेवलं. "आन इकडं. पानी सांडतंय."

कुडाजवळ सारिका येऊन उभी होती. तिच्या हातात पिशवी नव्हती, मंगळीसाठी दुसरी कळशी भरून आणली होती.