हानेजिमाचे शेवटचे उड्डाण

मित्रांनो, मी दोन पंख्यांचे, अठ्ठेचाळीस आसनांचे एक जुने विमान आहे, आणि माझ्यासमोर लावलेली पाटी खोटी आहे. ‘वयोमानामुळे सन्मानाने निवृत्त’ असे तिच्यावर लिहिले आहे. माझे वय झाले नव्हते. माझ्या अंगात अजून आठ-नऊ वर्षांचे उडणे शिल्लक होते. सन्मान म्हणाल तर तो कसा झाला, तेच सांगतो. तुम्ही या बागेत माझ्या पायऱ्यांवर चढउतार करता, माझ्या चाकांना लाथा मारता, त्याचा मला राग नाही. निदान तुम्ही भाषणे तरी करत नाही.

फ्रान्समधल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून मी कागोशिमा शहरात आलो आणि पहिल्याच दिवशी समोरच्या ज्वालामुखीची राख अंगावर घेतली. मला काम मिळाले ते हानेजिमाचे. समुद्रात दूरवर एकटेच बसलेले ते बेट. बोटीने सात तास, माझ्या पाठीवर चाळीस मिनिटे. रोज सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक. मी मासळीच्या पेट्या नेल्या, शाळेच्या परीक्षेचे पेपर नेले, बाळंत होऊन परतणाऱ्या मुली आणल्या. पहिल्या दिवशी बेटावरच्या लोकांनी ढोल वाजवून माझे स्वागत केले होते. बेटाच्या प्रमुखांनी मला ‘आमचे पंख’ म्हटले. पुढे अकरा वर्षांत ते गृहस्थ माझ्यात चारदा बसले, तेही सरकारी खर्चाने.

माझी खरी माणसे दोन. एक कॅप्टन कुवाबारा. ते उड्डाणापूर्वी माझ्या नाकावर तळहात टेकवत आणि दिवसभरात वीसपेक्षा जास्त शब्द बोलत नसत. दुसऱ्या मित्सुए सेगावा. माझ्या पोटातली सगळी व्यवस्था त्या एकट्या पाहत. कोणत्या आजोबांना ऐकू कमी येते, कोणत्या मुलाला उतरताना ओकारी होते, हे त्यांना तोंडपाठ होते. उतरण्यापूर्वी त्या टोपलीतून लिमलेटच्या गोळ्या वाटत, म्हणजे कानात दडे बसत नाहीत.

आणि एक उतारू होते, यासुकिची फुकामाची. लाकडी होड्या बांधणारे बेटावरचे शेवटचे सुतार. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. डायलिसिसचे यंत्र बेटावर नव्हते, म्हणून आठवड्यातून तीनदा ते सकाळी माझ्यातून शहरात जात आणि संध्याकाळी परतत. परतताना त्यांना हुडहुडी भरे. मित्सुएसान न विचारता त्यांच्या गुडघ्यांवर घोंगडी टाकत. फुकामाचीसान म्हणत, “या विमानाच्या सांध्याला कुरकुर नाही. बांधणाऱ्याचा हात चांगला होता.” कारागिराने केलेली ही एवढी एकच स्तुती मी आजवर जपून ठेवली आहे. बाकीच्या स्तुतीचे मी काय करणार?

मग मंदी आली. इंधन महागले, उतारू घटले, आणि टोकियोच्या मुख्य कचेरीने इसोबे नावाचे एक साहेब पाठवले. पातळ तळव्यांचे बूट, हातात तराजू. खरेच तराजू होता, मित्रांनो. त्यांनी माझ्यातल्या घोंगड्या तोलल्या आणि काढून टाकल्या. मासिके तोलली, काढून टाकली. गोळ्यांची टोपली तोलली. मला धुणे अर्ध्यावर आणले, त्यामुळे राख आणि मिठाचे पाणी माझ्या अंगावर आठवडाभर तसेच राही. ज्या माणसाला विमानाचे पुढचे टोक कुठले आणि मागचे कुठले हे विचारावे लागले, तो माझे वजन कमी करत होता.

मित्सुएसानने घरून स्वतःची घोंगडी आणायला सुरुवात केली. इसोबेसाहेबांनी तीही तोलली आणि ती मित्सुएसानच्या खाजगी सामानात धरली.

वस्तू संपल्यावर ते माणसांकडे वळले. नवा नियम आला. विमानाचे दार लागल्यापासून ते पुन्हा उघडेपर्यंतच कर्मचारी कामावर आहेत असे धरायचे, आणि पगार तेवढ्याच वेळाचा द्यायचा. दार उघडे असताना जे काही होईल, म्हणजे झाडलोट, म्हाताऱ्यांना हात धरून चढवणे, धुके निवळण्याची वाट पाहणे, ते काम नव्हे. सगळ्यांकडून कागदावर सही घेतली. कागदाचे नाव होते ‘स्वेच्छेने दिलेली संमती’. सही न करणाऱ्याला दुसरी नोकरी शोधण्याची मोकळीक होती. यालाच त्यांच्या भाषेत स्वेच्छा म्हणत असावेत.

त्याच महिन्यात हानेजिमावर धुके उतरले आणि आम्ही पाच तास अडकलो. मित्सुएसानने उतारूंसाठी गावातून भात आणि गरम सूप आणवले, रडणाऱ्या बाळाला मांडीवर घेऊन फिरवले, फुकामाचीसानांच्या डॉक्टरांना तीनदा फोन केला. कंपनीच्या लेखी त्या पाच तासांत त्यांनी काहीच केले नाही. त्यांचा पगार तिसऱ्या हिश्श्याने घटला. त्या पहाटे जेवणाचे डबे विकणाऱ्या दुकानात भात भरायला जाऊ लागल्या आणि तिथून माझ्याकडे येत, तेव्हा त्यांच्या हातांना तळणाचा वास असे. टोकियोत मात्र त्याच वर्षी गणवेषावरच्या पट्टीचा नवा रंग निवडण्यासाठी समिती बसली होती.

नंतर मार्ग बदलले. हानेजिमाच्या फेऱ्या कमी करून सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी एकेकच ठेवली. उरलेले दिवस मला डोंगरातल्या गरम झऱ्यांच्या एका गावी पाठवू लागले. तिथे गॉल्फची मैदाने होती आणि कंपनीच्या कुणा बड्या माणसाचा मित्र हॉटेल चालवत होता. मी नऊ माणसे आणि सहा गॉल्फच्या पिशव्या घेऊन उडत असे. त्या पिशव्यांचे वजन कुणी केले नाही. फुकामाचीसान आता सोमवारी येत, चार रात्री शहरातल्या स्वस्त खोलीत काढत आणि शुक्रवारी उपचार उरकून दोन दिवसांपुरते घरी जात. पुढे फर्मान निघाले की मार्चअखेर हानेजिमाचा मार्ग कायमचा बंद.

आता शेवटच्या सोमवारची गोष्ट ऐका.

फुकामाचीसानांनी शहरात रुग्णालयाजवळ खोली घेतली होती. रविवारच्या बोटीने सामानासकट बेट सोडायचे, असे त्यांनी ठरवले होते. पण समुद्र खवळला आणि बोट निघालीच नाही. सोमवारीही निघणार नव्हती. शुक्रवारनंतर त्यांचा उपचार झालेला नव्हता. पाय सुजले होते, श्वास लागत होता. ते बोचके घेऊन विमानतळावर आले आणि तिकिटाच्या खिडकीवरच्या मुलीने डोळे पुसत सांगितले की एकही जागा नाही.

जागा कशी असणार? ‘अंतिम उड्डाण’ म्हटल्यावर देशभरातून कॅमेरेवाले हौशी आले होते. त्याआधी एकदाही माझ्यात न बसलेले हे लोक त्या दिवशी माझ्यासाठी उसासे टाकत होते. अकरा वर्षे असे प्रेम केले असते तर मार्ग बंद पडला नसता. पुढच्या सहा जागांवर कंपनीचे पाहुणे होते, आणि पहिल्या रांगेत, मांडीवर निरोपाच्या कापडी फलकाची गुंडाळी घेऊन, इसोबेसाहेब.

मित्सुएसानने ध्वनिवर्धकावरून विचारले की एका आजारी माणसाला तातडीने शहर गाठायचे आहे, कुणी जागा देईल का. लोकांनी खिडकीबाहेर पाहिले. एकाने कॅमेऱ्याची काच पुसायला घेतली. एक जण म्हणाला की तो थेट देशाच्या दुसऱ्या टोकाच्या सापोरोहून आला आहे, जणू फुकामाचीसान कुठे सहलीला चालले होते.

तेव्हा मित्सुएसान पहिल्या रांगेपाशी आल्या आणि खाली वाकून त्यांनी इसोबेसाहेबांना विनंती केली. साहेबांनी घड्याळ पाहिले. त्यांना टोकियोत समारंभ होता.

“सेगावासान, दार लावा. उशीर होतोय.”

मित्सुएसान ताठ उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

“दार लागेपर्यंत मी कामावर नसते, इसोबेसान. नियम तुमचाच आहे. कामावर नसलेल्या बाईला हुकूम कसला करता?”

आणि त्या दारातल्या घडीच्या खुर्चीवर हात बांधून बसल्या.

कॅप्टन कुवाबारा आपल्या कक्षातून बाहेर आले. त्यांनी टोपी काढून बगलेत धरली, माझ्या पायरीवर जाऊन बसले आणि खिशातून भाताचा गोळा काढून त्याचा कागद सोलू लागले. इसोबेसाहेब दारापर्यंत धावले आणि याचे परिणाम वाईट होतील असे त्यांनी बजावले. कॅप्टननी घास चावून गिळला.

“होऊ देत. उद्यापासून मार्गच नाही. आमचं आणखी काय काढून घ्याल?”

साहेबांनी टोकियोला फोन लावला. तिकडून पहिला प्रश्न आला की उशिराचा खर्च किती. वीस मिनिटे गेली. मग हौशी लोकांना कळले की खरा देखावा बाहेर नसून आत आहे. अठ्ठेचाळीसांतले चाळीस-एक कॅमेरे पहिल्या रांगेकडे वळले. तेव्हा कुठे इसोबेसाहेब उठले. कुणी म्हणेल त्यांना लाज वाटली. मी त्यांना जवळून पाहिले आहे. तो चेहरा फोटोत कसा दिसेल, याचीच त्यांना काळजी होती. खाली उतरताना त्यांनी पायऱ्यांशी थांबलेल्या फुकामाचीसानांसाठी हसून हात पुढे केला, आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तोच फोटो आला.

फुकामाचीसानांनी तो हात धरला नाही. त्यांनी माझ्या दाराची चौकट धरली आणि ते वर चढले.

मित्सुएसानने दार लावले. आम्ही उडालो. खाली लाटा पांढऱ्या फुटत होत्या, बंदरात बोट बांधलेली होती, आणि इसोबेसाहेब पुढचे तीन दिवस बेटावरच्या एकुलत्या एक खानावळीत राहणार होते. तिथल्या मालकिणीने त्यांना जेवण व्यवस्थित दिले, पण तीन दिवसांत त्यांच्याशी अवाक्षरही काढले नाही, असे मला नंतर कळले. फुकामाचीसान अख्खा प्रवास डोळे मिटून होते. बेट मागे पडत होते तेव्हा मित्सुएसानने त्यांना हळूच विचारले की खिडकीकडे बसायचे का. त्यांनी मान हलवली. “नको. बघितलं तर उतरावंसं वाटेल.”

संध्याकाळी त्यांना यंत्र लागले आणि ते वाचले.

मित्सुएसानला आठवड्याने तीन ओळींचे पत्र आले, करार वाढवता येत नसल्याबद्दल खेद वाटतो म्हणून. त्या आता बंदरावर बोटीची तिकिटे विकतात. कॅप्टन कुवाबारा वडिलांच्या संत्र्यांच्या बागेत आहेत. इसोबेसाहेबांना बढती मिळाली. गरम झऱ्यांचा मार्ग सहा महिन्यांत बुडाला आणि मला या बागेत आणून ठेवले.

फुकामाचीसान दोन वर्षे जगले. ज्या चौथ्या मजल्यावरच्या खोलीत ते वारले, तिथून समुद्र दिसत नव्हता. पुतण्या त्यांच्या अस्थी घेऊन बंदरावर आला, तेव्हा तिकिटाच्या खिडकीत मित्सुएसान होत्या. अस्थींना तिकीट लागत नाही. पुतण्याला पांढऱ्या कापडातला कलश जमिनीवर ठेवावा लागू नये, म्हणून त्यांनी त्याच्या शेजारची जागा दुसऱ्या कुणाला दिली नाही. हे त्या इथे येऊन, माझ्या चाकाला टेकून, आपल्या मैत्रिणीला सांगत होत्या.

आता माझ्यासारख्याने शेवटी तुम्हाला उपदेश करायचा असतो. वस्तूंची निगा राखा, जुन्याची कदर करा, वगैरे. मी तसे म्हणणार नाही. माझी निगा चांगली राखली जाते. दर वसंतात मला नवा रंग मिळतो, आणि त्यासाठी कंपनी वर्गणीही देते. मित्रांनो, वस्तूंवर माया करायला सगळ्यांनाच आवडते. वस्तू पगार मागत नाहीत.