काकपद

बाबांनी लॅपटॉपचा आवाज शेवटपर्यंत वाढवला, पेन्सिलीला टोक केलं आणि वही पुढे ओढली.

"आता गप्प बस. आठच्या बातम्या."

इथे दुपारचे साडेचार वाजले होते. उरुग्वेत सकाळ होती. लेकीनेच एकदा गंमत म्हणून तिथलं एक स्पॅनिश रेडिओ स्टेशन लावून दिलं होतं. तेव्हापासून बाबांनी इथल्या बातम्या सोडल्या. इथले निवेदक म्हणे शब्द गिळतात.

"आणि यांचं कळतं तुम्हाला?"

"नाही कळत. पण नाही कळलं तर तिथे कुणी तोंड वाकडं करत नाही."

लेक चहा ओतत राहिली. चार दिवसांपूर्वी मागून येणाऱ्या सायकलची घंटा बाबांना ऐकू आली नव्हती. कोपर खरचटण्यावर निभावलं. तिने कानाच्या डॉक्टरांची गुरुवारची वेळ घेतली, तर बाबा म्हणाले, "माझे कान ठणठणीत आहेत. तुम्हीच तोंडातल्या तोंडात पुटपुटता."

निवेदिका हवामानावर आली.

"ऐक, ऐक! ओल! हवामानात ओल! आपलाच शब्द गेलाय बघ तिकडे."

लेकीने स्पष्ट ऐकलं होतं : सोल. म्हणजे ऊन.

बातम्या संपल्यावर बाबा कुंड्यांना पाणी घालायला गेले. तिने वही उघडली. डावीकडे ऐकलेले शब्द, उजवीकडे अर्थ. अर्थाचा रकाना जवळजवळ कोराच. 'कोशात नाही', 'कोशात नाही'. ओल. उर. इंको. पानंच्या पानं उलटली तरी एकही 'स' दिसेना.

ती कॉलेजात ध्वनी शिकवायची. म्हातारपणी वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात, त्यातही 'स', हे तिने कितीदा फळ्यावर लिहिलं होतं. ओळखीच्या भाषेत बाबा गळलेली अक्षरं सवयीने भरून घेत असणार. इथे भरायला हाताशी काही नव्हतं.

छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासलेल्या माणसाला तोंडाने काय सांगायचं? तिने पेन्सिल घेतली. 'ओल'च्या आधी छोटंसं काकपद, अक्षर गळल्याची खूण, काढलं, वर 'स' लिहिला. मग 'उर'ला; तोही तिने आजच ऐकला होता : सुर, दक्षिण.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा लॅपटॉप बंद होता. बाबांच्या हातात लाल पेन्सिल होती. तिच्या दोन्ही खुणांपुढे बरोबरच्या खुणा होत्या.

"हे 'इंको' सोडलंस तू."

"ते मी ऐकलं नव्हतं, बाबा."

"मीही नव्हतं ऐकलं." त्यांनी 'इं'च्या आधी काकपद काढलं आणि वर नीट, वळणदार 'स' ठेवला. "कोशात आहे. सिंको, पाच. मी आपला कोशालाच नावं ठेवत होतो."

त्यांनी पेन्सिल वहीत ठेवून वही मिटली.

"गुरुवारी किती वाजता म्हणालीस?"

"साडेअकरा."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले,

"त्यातला 'सा' मी भरून घेतला हं. ऐकला नाही."