कोरा पंचा

यज्ञेश्वरराव लघाट्यांनी उभ्या जन्मात कुणाला 'नाही' म्हटलं नाही. हे कौतुक नव्हे हं, हा त्यांचा धंदाच होता म्हणा ना. झाशीपासून बसने तासाभरावर असलेल्या लखनसागरचे ते पाच वेळा नगराध्यक्ष झाले. पक्ष आले, पक्ष गेले, निशाण्या बदलल्या, पण सकाळी ओसरीवर खुर्ची टाकून बसणारे चेअरमन साब तेच. नळाला पाणी नाही? हो जाएगा. गल्लीत दिवा नाही? हो जाएगा. आणि नुसतं तोंडदेखलं नाही. खांद्यावरच्या पंच्याच्या टोकाला समोरच्याच्या डोळ्यांदेखत गाठ मारायचे आणि म्हणायचे, काम झाल्यावरच ही सुटेल. बिचारी माणसं तेवढ्यावर खूश होऊन घरी जात आणि पाच वर्षांनी मत देऊन जात.

आता हा पंचा धुवायचा कुणी? तर बकुळाबाईंनी, त्यांच्या बायकोने.

लघाट्यांचं घराणं पेशव्यांच्या काळात इकडे आलेलं. बोलण्यात हिंदी शिरली, बुंदेली शिरली, पोरं आईला 'मम्मी' म्हणू लागली, पण धुण्याची शिस्त काही बदलली नाही. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं की धुण्यात गाठ राहू द्यायची नाही, गाठीत मळ राहतो आणि घरावर अडचण येते. तेव्हा बकुळाबाई पंचा भिजवण्याआधी सगळ्या गाठी एकेक करून सोडायच्या. गाठी कसल्या, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं.

कळलं ते दुसऱ्या निवडणुकीच्या सभेत. बायकांच्या बाजूला सतरंजीवर त्या बसल्या होत्या. यज्ञेश्वररावांनी माइकसमोर पंचा दोन्ही हातांनी पसरून दाखवला. म्हणाले, देख लीजिए, एकही गाठ बाकी नाही. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.  तो पंचा बकुळाबाईंनी आदल्याच दिवशी धुतला होता.

बरं, मग सांगायचं की नाही? सांगणार होत्या. त्या रात्री सांगणार होत्या, निकालानंतर सांगणार होत्या, दिवाळी झाल्यावर सांगणार होत्या. पण त्या एका गोष्टीवर नवऱ्याची मान ताठ होती, आणि ती आपल्या हाताने खाली घालायची म्हणजे काय खायचं काम? शिवाय एकदम गाठी तशाच ठेवायला लागलं तर ते विचारणार, आजवर कुठे गेल्या? म्हणून बाई सोडतच राहिल्या. जाणूनबुजून. लाज वाटायची, तरी सोडायच्या.

मग रामदुलारी आली. तलावाच्या घाटाजवळ राहणारी, भाजी विकणारी बाई. घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, लेकरं पाण्याला जातात, तिथे रेलिंग लावून द्या, एवढंच तिचं मागणं. चेअरमन साबनी गाठ मारली. जाताना तिने स्वयंपाकघराच्या दारात येऊन बकुळाबाईंनाही सांगितलं, बाईजी, गाँठ बाँध दी साब ने, आता माझी काळजी मिटली. संध्याकाळी बकुळाबाईंनी ती गाठ सोडली. श्रावणात रामदुलारीची पोर मुनिया पाय घसरून तलावात बुडाली. यज्ञेश्वररावांनी त्या पोरीला स्वतःच्या हातांवर घेऊन स्मशानात नेलं आणि अख्खं लखनसागर त्यांच्यामागे चाललं. रामदुलारीने कुणाला दोष दिला नाही. एवढंच म्हणत राहिली की साबने तो गाँठ बाँधी थी. ते वाक्य बकुळाबाईंच्या कानातून आजतागायत गेलेलं नाही.

अलीकडे जागा महिलांसाठी राखीव झाली, पक्षाने दुसऱ्याच घरात तिकीट दिलं, आणि म्हाताराम्हातारी झाशीला सीपरी बाजारात जयंताकडे, म्हणजे मुलाकडे, राहायला आली. जयंता बँकेत, सून रेवती शाळेत. दिवसभर घर रिकामं. यज्ञेश्वररावांना हळूहळू विसरायला व्हायला लागलं होतं. कधी जेवण झालेलं विसरत, कधी सुनेचं नाव. डॉक्टर म्हणाले, वाढत जाणार हे. आणि याच सुमारास पंच्याला पुन्हा गाठी दिसू लागल्या.

पहिल्यांदा बकुळाबाईंना वाटलं, जुनी सवय. पण एका दुपारी खालची दुकानं अर्धी मिटून पेंगत होती, गरम वाऱ्याची लू सुटली होती, आणि गॅलरीतून बोलण्याचा आवाज आला. त्यांनी पडद्याआडून पाहिलं. यज्ञेश्वररावांनी प्लास्टिकच्या खुर्च्या रांगेने मांडल्या होत्या. खुर्च्या रिकाम्या. ते एकेकीकडे वळून मान डोलावत होते, गाठ मारत होते. लच्छू धोब्याचा मोरीचा दगड. आंधळ्या पंडितजींच्या गल्लीतला दिवा. सलीम चाचांच्या कबरस्तानची भिंत.  यातलं एकही माणूस जिवंत नव्हतं. आणि जी कामं खरोखर झाली, पाण्याची टाकी, मुलींची शाळा, ती मागणाऱ्यांपैकी कुणी आलं नव्हतं. ज्यांच्या गाठी बकुळाबाईंनी सोडल्या पण कामं कधी झालीच नाहीत, तेवढेच आले होते.

शेवटची खुर्ची बुटकी होती, रेवतीने देव्हाऱ्यापुढे बसायला आणलेली. तिच्याकडे पाहून यज्ञेश्वरराव अगदी मऊ आवाजात म्हणाले, पाय हलवू नकोस बाळ, पडशील.

त्या दिवसापासून बकुळाबाईंना अन्न गोड लागेना. रोज दुपारी ते दरबार भरवायचे, रोज पंचा गाठींनी भरायचा आणि त्या तो धुवायला घेऊन बसायच्या. गाठ सोडवत नव्हती आणि ठेववतही नव्हती. एकच विचार डोकं खात होता. या माणसाला सांगायचं तर आता, अजून आपल्याला ओळखतोय तोवर. उद्या तो सगळंच विसरला की हे ओझं उतरवायला जगात माणूसच उरणार नाही.

शेवटी एका दुपारी त्या गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. मन घट्ट करून म्हणाल्या, "अहो, तुमच्या गाठी मी सोडत होते. धुताना. सगळ्या. कामं झाली म्हणून त्या सुटल्या नव्हत्या."

यज्ञेश्वररावांनी वर पाहिलं. नजर स्वच्छ होती, पूर्वीसारखी.

"ठाऊक आहे," ते म्हणाले.

बकुळाबाईंना वाटलं, भ्रमात बोलताहेत. पण ते सावकाश, नीट बोलत राहिले. पहिल्या वर्षीच लक्षात आलं होतं म्हणे. सकाळी कोरा पंचा खांद्यावर घेतला की किती हलकं वाटायचं. सगळ्यांची सगळी कामं कुणाच्या बापाच्याने होणार होती? आपण विसरलो नाही, पंचाच कोरा आहे, असं मनाला सांगता यायचं. म्हणून कधी विचारलं नाही.

बकुळाबाईंनी विचारलं, "आणि मुनियाची?"

"ती तर मी तुझ्या हातात दिली," यज्ञेश्वरराव म्हणाले. "रोज खुंटीला टाकायचो ना पंचा? त्या दिवशी हातात दिला."

आणि बकुळाबाईंना आठवलं. दिवेलागणीची वेळ, त्या तांदूळ निवडत होत्या, आणि हे आत येऊन म्हणाले होते, आजच धू. ठेकेदाराशी रेलिंगवरून वाजलं होतं त्यांचं. बाईंना तेव्हा केवढं बरं वाटलं होतं, नवरा आपल्याशी दोन शब्द बोलला म्हणून.

अस्सा संताप आला बाईंना. इतकी वर्षं मी रात्र रात्र तळमळले, देवापुढे नाक घासलं, रामदुलारी समोरून आली की रस्ता बदलला, आणि हा माणूस पलीकडच्या खाटेवर घोरत होता. सगळं पाप माझ्या ओंजळीत टाकून घोरत होता. हातात काही असतं तर त्यांनी फेकून मारलं असतं.

यज्ञेश्वररावांनी नेहमीसारखा पंचा पुढे केला. "घे ना बकुळा. धुवायला घे."

त्यांनी हात पुढे केला नाही. बुटकी खुर्ची हलक्या हाताने थोडी बाजूला सरकवली, तिच्या शेजारी खाली फरशीवर बसल्या, डोक्यावरून पदर घेतला आणि रामदुलारी बोलली होती तसंच, अगदी शब्दशः बोलल्या, "साब, घाट पे रेलिंग लगवा दो. बच्चे गिर जाएँगे."

यज्ञेश्वररावांची बोटं सवयीने पंच्याच्या टोकाकडे गेली. टोक सापडेना. जिकडे हात जाई तिकडे गाठच. ते चाचपडत राहिले, मग थांबले. बुटक्या खुर्चीकडे त्यांनी कितीतरी वेळ पाहिलं. 

"नहीं होगा," ते म्हणाले. "अब नहीं होगा, बेटा."

उभ्या जन्मात पहिल्यांदाच. आणि ते म्हाताऱ्या माणसाने रडावं तसं, आवाज न करता रडू लागले. बकुळाबाई जागच्या उठल्या नाहीत. पंचा त्या दिवशी कुणीच धुतला नाही.