पाचवं रहस्य

मास्तरांच्या बायकोनं जपमाळेच्या प्रार्थनेतलं चौथं रहस्य, येशूनं क्रूस वाहण्याचं, म्हणून संपवलं, माळ आजारी मास्तरांच्या उशीखाली सरकवली आणि चहा टाकायला उठली.

"वहिनी, बसा खाली," नणंद म्हणाली. "येशूच्या दुःखाची रहस्यं पाच असतात. मंगळवारी तुम्ही चारच म्हणालात, आजही चारच."

"दूध उतू जाईल."

"गॅस कुठे पेटवलाय?"

ती पलंगाच्या कडेला टेकली. खोलीत ऑक्सिजनचं मशीन तेवढं घरघरत होतं. पाचवं रहस्य क्रुसावरच्या मरणाचं. ते सुरू होताच तिच्या वडिलांनी मान टाकली होती. पुढे सासूचंही तसंच झालं. दोन्ही वेळा प्रार्थना हिनंच सांगितलेली. तेव्हापासून तिच्या मनानं घेतलं होतं, की आपल्या तोंडून पाचवं निघालं की घरातलं माणूस जातं. नवऱ्यानं अंथरूण धरल्यापासून ती चौथ्यावरच थांबायची.

मास्तरांनी डोळे उघडले. उभा जन्म त्यांनी चर्चमध्ये पोरांना धर्मशिक्षण दिलं होतं.

"म्हणजे खांद्यावर क्रूस देऊन मला वाटेतच उभं केलंस होय?"

नणंदेला हसू फुटलं आणि लगेच विरलं.

"अहो, भीती वाटते."

"वाटू दे. पोरं विचारायची, मास्तर, रहस्य म्हणजे गुपित का? मी म्हणायचो, गुपित सांगितलं की संपतं. हे देवानं उघड सांगून टाकलंय, तरी संपत नाही. त्यात आपणच शिरावं लागतं." त्यांना धाप लागली. "शिकवलं खूप. आत कधी गेलो नाही. एकट्यानं जायला मीही भितो गं. तू म्हण."

तिनं माळ काढली. दर मण्याला मरियेची अर्धी प्रार्थना ती म्हणायची, उरलेली उत्तर म्हणून मास्तर. मण्यामण्याला त्यांचं उत्तर उशिरा येऊ लागलं, आणि एका मण्याला आलंच नाही.

ती थांबली. इथेच सोडलं तर? तेवढ्यात त्यांच्या बोटांनी तिचं मनगट धरलं. सैल, पण धरलं.

नणंदेनंच उत्तर पुरं केलं, "...आमच्यासाठी विनंती कर, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी."

'आता' आणि 'मरणाची वेळ' या दोन वेळांमध्ये पुष्कळ अंतर असतं, असं मास्तरांची बायको आजवर धरून चालली होती.

मनगटावरची बोटं सुटली. तिनं पलंगाकडे पाहिलं नाही. पुढचा मणी चिमटीत धरला आणि मोठ्यानं म्हणायला लागली.